पांजरपोळाचें दुसरें दार

भूतदया ही आमच्या अंगणांत कोणीं परदेशांतून आणून लाविलेली वेल नव्हे. जेवणापूर्वीं गाईचा घास बाजूस काढणारा, मुंग्यांस साखर घालणारा आणि दारांतल्या कुत्र्यास भाकरीचा तुकडा टाकल्यावांचून पानावर न बसणारा मनुष्य आमच्या प्रत्येक गांवांत सांपडतो. तथापि घास घालणें निराळें आणि घर देणें निराळें. निराश्रित जनावरांच्या आश्रयस्थानांचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास हा ह्या दोहोंमधील अंतराचाच इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें. प्रत्येक आश्रयस्थानास दोन दारें असतात. एका दारानें रस्त्यावरील जनावर आंत येतें. दुसऱ्या दारानें तें कोणाच्या तरी घरीं जावयाचें असतें. पहिलें दार दयेनें उघडतें. दुसऱ्यास केवळ दया पुरत नाहीं. आणखी कांहीं लागतें. तें काय, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

आरंभ मुंबईपासूनच करूं. मोकाट कुत्रीं उन्हाळ्यांत मारण्याचा नियम कंपनी सरकारनें १८१३ सालीं केला होता, आणि कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस पोलिसांस मिळत असे. बक्षिसाच्या लोभानें पाळीव कुत्र्यांवरही काठी पडूं लागली. १८३२ च्या जून महिन्यांत ही मोहीम पारशी लोकांच्या एका पवित्र दिवशींही चालू राहिली. ज्या धर्मांत मृताच्या अंत्यविधींत कुत्र्याच्या दृष्टीस स्थान आहे, त्या धर्माच्या लोकांचा संयम तेव्हां सुटला. दुकानें बंद पडलीं, हिंदु व जैन व्यापारीही त्यांस मिळाले, आणि शेवटीं लष्कर बोलवावें लागलें. दंगा मोडला, पण प्रश्न उरलाच. कुत्रीं मारावयाचीं नाहींत, तर त्यांचें करावयाचें काय? १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व गुजराती व्यापारी ह्यांनीं मुंबईंत जो पांजरपोळ स्थापिला, तो ह्याच प्रश्नाचें उत्तर होय.

तें उत्तर थोर होतें. गुजरातेंतील ज्या परंपरेचें नवल राल्फ फिच ह्या इंग्रज प्रवाशानें सोळाव्या शतकांत खंबायतेस केलें, तीच परंपरा मुंबईस आली. लंगडें असो, आंधळें असो, म्हातारें असो, जनावर मारावयाचें नाहीं, मरेपर्यंत पोसावयाचें, हा तिचा गाभा. धडधाकट बैल शेतकऱ्यास देण्याची चाल कांहीं पांजरपोळांत आढळते. परंतु आंत आलेल्या कुत्र्यामांजरास बाहेर घर शोधून देणें हें पांजरपोळाचें मुख्य काम कधींच नव्हतें. पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जमा झालें. जनावराच्या वांट्यास भिंत, कळप आणि वाट पाहणें एवढेंच आलें.

आतां लंडनकडे वळूं. मुंबईच्या दंग्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं, १८६० सालीं, मेरी टील्बी नांवाच्या बाईनें हॉलोवे भागांत हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांकरितां एक ‘तात्पुरतें घर’ काढलें. नांवांतला ‘तात्पुरतें’ हा शब्द ध्यानांत घेण्याजोगा आहे. पांजरपोळ व हें घर ह्यांमधील सारा भेद त्यांत आला. येथें कुत्र्यानें जन्म काढावयाचा नाहीं. जुना मालक येईपर्यंत किंवा नवा मिळेपर्यंत थांबावयाचें. ‘टाइम्स’ पत्रानें ह्या उद्योगाची थट्टा केली. उलट डिकन्सच्या साप्ताहिकानें १८६२ सालीं ह्या गरीब घराची तुलना इस्लिंग्टन येथील श्रीमंती कुत्र्यांच्या प्रदर्शनाशीं करून त्याची बाजू घेतली. १८६५ सालीं टील्बीबाई वारल्या, आणि १८७१ सालीं संस्था बॅटर्सीस गेली. मध्यंतरीं १८६७ च्या कायद्यानें भटकीं कुत्रीं पकडण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला, आणि पहिल्या दारांतून लोंढा सुरू झाला. दुसरें दार अरुंदच राहिलें. कांहीं दिवस वाट पाहावयाची, कोणी न आल्यास कुत्र्यास मारावयाचें, असा क्रम पडला. पुढें १८८४ सालीं डॉ. बेंजामिन रिचर्डसन ह्या नामांकित वैद्यानें वेदनारहित मरणासाठीं वायूची एक खोली तेथें बसवून दिली. हेतु दयेचाच होता. परंतु शास्त्रज्ञाची बुद्धि मरण सुधारण्यास लागली, घर मिळवून देणें सुधारण्यास लागली नाहीं, ही गोष्ट मनास लागल्यावांचून राहत नाहीं.

अमेरिकेंतही हाच पाठ गिरविला गेला. न्यूयॉर्क शहरांत कोंडवाड्यांतील कुत्रीं लोखंडी पिंजऱ्यांत घालून नदींत बुडवीत. हेन्री बर्घ ह्यांनीं १८६६ सालीं तेथें प्राण्यांची क्रूरता थांबविणारी मंडळी स्थापिली, पण कोंडवाड्याचें काम त्यांनीं कधीं पत्करलें नाहीं. त्यांच्या मरणानंतर १८९४ सालीं मंडळीनें तें घेतलें आणि सुमारें शंभर वर्षें केलें. दया करावयास निघालेल्या मंडळीच्या पदरीं जनावरें मारण्याचें काम आलें. फिलाडेल्फियाचा दाखला त्यांतल्या त्यांत बरा. कॅरोलाइन व्हाइट ह्या बाईंनीं १८६७ सालीं तेथील मंडळी उभी करण्यास हातभार लाविला. पण तिच्या कार्यकारी मंडळांत स्त्रियांस जागा नव्हती. तेव्हां १८६९ सालीं स्त्रियांची निराळी शाखा निघाली. ह्या शाखेनें शहरांतील कुत्र्यांचें काम आपल्याकडे घेऊन आश्रयगृह चालविलें, व चांगलें घर मिळेल त्या कुत्र्यास तें द्यावें अशी रीति पाडली. दुसरें दार असतें, हें अमेरिकेस तेथें प्रथम दिसलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तें दार रुंद होण्यास मात्र आणखी सव्वाशें वर्षें लागलीं. सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्राणिरक्षक संस्थेचे प्रमुख रिचर्ड अव्हान्झिनो ह्यांनीं कुत्रीं पकडण्याचें सरकारी काम सोडून दिलें, आणि १९९४ सालीं शहराच्या खात्याशीं एक करार केला. खात्याकडील जें जनावर निरोगी व पाळण्याजोगें असेल, पण ज्यास खात्याकडून घर मिळणार नाहीं, तें संस्थेनें घ्यावें, असा त्याचा आशय होता. करार कागदावर सोपा. पण तो पाळावयाचा तर संस्थेस गिऱ्हाइकाची वाट पाहत बसून चालण्याजोगें नव्हतें. म्हणून जनावरें लोकवस्तींत नेऊन दाखविलीं गेलीं. नवीं पिलें जन्मासच येऊं नयेत म्हणून निर्बीजीकरणावर पैसा खर्च झाला. आणि १९९८ सालीं जें नवें गृह उघडलें त्यांत पिंजऱ्यांऐवजीं घरासारख्या खोल्या केल्या, कीं पाहणाऱ्यास कैदी न दिसतां सोबती दिसावा.

ह्यानंतर जो बदल झाला तो भिंतींचा नव्हे, दृष्टीचा. पूर्वीं आश्रयगृहाचे चालक दाराशीं आलेल्या मनुष्याकडे संशयानें पाहत. घर भाड्याचें कीं मालकीचें, कुंपण आहे कीं नाहीं, मुलें किती, असे प्रश्न विचारून त्यास परत लावीत; आणि तो मनुष्य दुकानांतून पिलूं विकत घेई. फुकट दिलेलें जनावर लोक टाकून देतील, अशीही एक समजूत होती. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसलें कीं, पैसे देऊन मांजर नेणारे व फुकट नेणारे ह्यांच्या मायेंत फरक पडत नाहीं. फ्लॉरिडांतील एका सरकारी आश्रयगृहानें २०१४ सालीं कुत्र्यांच्या पाट्यांवरील जातीचें नांव काढून टाकलें, तेव्हां बदनाम झालेल्या जातीसारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांस अधिक घरें मिळालीं. २०१९ सालच्या संशोधनांत कुत्रें एकदोन रात्री कोणाच्या घरीं राहिलें तर त्याच्या शरीरांतील ताणाचें द्रव्य घटतें असें आढळलें. आणि २०२३ च्या अभ्यासांत अशा पाहुणचारानें त्यास कायमचें घर मिळण्याचा संभव कित्येक पटींनीं वाढलेला दिसला. तात्पर्य, दुसऱ्या दारास जें लागतें तें हेंच: नेणाऱ्या माणसावर विश्वास, आणि जनावर जसें आहे तसें त्यास दाखविण्याचा प्रामाणिकपणा.

ह्यावर आक्षेप आहे, आणि तो खोटा नाहीं. न मारण्याचें व्रत घेतलेल्या कांहीं संस्था जागा भरली कीं पहिलें दारच लावून घेतात, आणि नाकारलेलें जनावर दुसऱ्या कोणाच्या हातून मरतें. शिवाय घाईनें दिलेलें जनावर महिन्याभरांत परत येतें. दोन्ही दोष खरे. परंतु त्यांचा उपाय दुसरें दार बंद करणें हा नव्हे. देतांना जनावराच्या खोडी व आजार न लपविणें, दिल्यावर चौकशी ठेवणें, आणि परत आणणाऱ्यास गुन्हेगार न समजणें, हा होय.

हा सारा इतिहास आज आमच्या दाराशीं येऊन उभा आहे. आमच्याकडे २००१ च्या नियमांनीं रस्त्यावरील कुत्र्याचें निर्बीजीकरण करून व लस टोचून त्यास होतें तेथें सोडण्याची पद्धति घातली, आणि २०२३ च्या नियमांनीं ती कायम ठेविली. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व भोंवतालच्या भागांतील कुत्रीं आश्रयगृहांत कोंडण्याची आज्ञा केली. अकरा दिवसांनीं ती सौम्य करतांना, कुत्रें पाळूं इच्छिणाऱ्यानें नगरपालिकेकडे अर्ज करावा, व तें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं ह्याची जबाबदारी घ्यावी, असेंही सांगितलें. नोव्हेंबरांत शाळा, रुग्णालयें, स्थानकें येथील कुत्रीं तेथून हलवून आश्रयगृहांत ठेवण्याची आज्ञा झाली. ह्या आज्ञांच्या गुणदोषांचा खल आम्ही येथें करीत नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें ज्याचें मूल गेलें, त्यास भूतदयेचें प्रवचन ऐकविण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु पहिल्या दाराची चर्चा जेवढ्या मोठ्यानें झाली, त्याच्या शतांशानेंही दुसऱ्या दाराची झाली नाहीं, हें मात्र खरें.

जीं कुत्रीं पकडलीं जातील त्यांस माणसाळलेलें घर कोण देणार? विलायती जातीचें पिलूं हजारों रुपयांस विकत घेणारीं कुटुंबें आमच्या शहरांत आहेत; त्यांच्याच गल्लींत जन्मलेलें देशी पिलूं, जें आमच्या ऊनपावसास सरावलेलें आहे, त्यांच्या नजरेस पडत नाहीं. तें पडावें अशी व्यवस्था करणें हें आश्रयगृहांचें काम, आणि पडल्यावर त्यास घरांत घेणें हें आमचें. मुंबईनें १८३४ सालीं पहिलें दार मोठ्या मनानें उघडलें होतें. दुसऱ्या दाराची कडी मात्र आंतून नाहीं, बाहेरून आहे. आणि ती काढावयास आश्रयगृहाच्या चालकांचा हात पुरत नाहीं, आमचाही लागतो.