फियाटचा गिअरबॉक्स आणि मुंबईचा मिस्त्री

30 ऑक्टोबर 2023 रोजी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली, तेव्हा काळ्या-पिवळ्या गाडीवर भरभरून मृत्युलेख आले. त्या गाडीच्या जिवावर उभा राहिलेला एक धंदा त्याआधीच ओसरला होता, त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही. गिअरबॉक्स खाली उतरवायचा, खोलायचा, झिजलेला भाग तेवढा बदलायचा आणि पुन्हा चढवायचा, असा हा धंदा. तो मुंबईत का रुजला याचे ठरलेले उत्तर म्हणजे टंचाई: नवी गाडी मिळत नव्हती, आयात बंद होती, म्हणून माणसे दुरुस्तीत तरबेज झाली. टंचाई खोटी नव्हती, पण तिने फार तर वस्तू जपून वापरण्याची सवय लागते. हजारो हातांमध्ये पसरलेले नेमके ज्ञान तयार व्हायला आणखी दोन गोष्टी लागतात. यंत्र उघडता येण्याजोगे हवे आणि ते वर्षानुवर्षे तेच राहायला हवे. फियाटने या दोन्ही गोष्टी मुंबईला दिल्या.

मोटारीची जुळणी मुंबईला नवी नव्हती. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीत कारखाना काढला होता, पाठोपाठ फोर्ड आली. पण त्या काळात रस्त्यावर नाना बनावटींच्या गाड्या होत्या आणि मॉडेलेही भराभर बदलत. एका गाडीवर शिकलेले दुसरीवर पुरते लागू पडेलच असे नसे. 1953 नंतर सरकारने धोरण बदलले. गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यालाच थारा मिळणार होता, आणि दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स टिकली. तिची फियाट 1100 पुढे ‘डिलाइट’ झाली, मग ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’. नावे बदलली, पण गाडी मुळात 1964 च्या डिलाइटचीच राहिली. इटलीत या गाडीच्या 1966 च्या आवृत्तीत गिअरचा दांडा स्टिअरिंगपासून हलवून खाली जमिनीवर आणला गेला आणि 1969 मध्ये ती मालिकाच संपली. कुर्ल्यात तीच गाडी जवळजवळ 2000 पर्यंत बनत राहिली. म्हणजे साधारण तीन तपे.

आता या यंत्राकडे पाहू. इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना, मध्ये चार गिअरचा डबा. गाडी खड्ड्यावर घ्यायची, प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा, की इंजिन जागेवर ठेवून डबा खालून काढता येई. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात अडकण्याआधी त्यांचा वेग जुळवणारा भाग, नव्हता. गाडी पूर्ण थांबण्याआधी पहिला टाकण्याची घाई केली की दात घासत, आणि मुंबईच्या सिग्नलांवर टॅक्सीवाला ही घाई दिवसभर करणारच. त्यामुळे कोणता भाग आधी जाणार, हे मिस्त्रीला डबा उघडण्याआधीच माहीत असे. बाकीचे निदान कानाने. गाडी न्यूट्रलमध्ये असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. आवाज खालच्या गिअरमध्ये येतो पण टॉपमध्ये मावळतो, तर दोष खालच्या शाफ्टकडे, कारण टॉपमध्ये जोर सरळ आरपार जातो आणि त्या शाफ्टवर भार राहत नाही. गिअर निसटतो म्हणजे सिंक्रोचे दात गेले किंवा अडकवणारी स्प्रिंग थकली. जाणता मिस्त्री मात्र आधी डब्याला हातच लावत नसे. स्टिअरिंगवरच्या दांड्यापासून डब्यापर्यंत जाणाऱ्या सळ्यांचे बुश झिजले की गिअर अडकतात, आणि गिऱ्हाइकाला वाटते डबाच गेला. चांगल्या आणि लबाड मिस्त्रीतला फरक बऱ्याचदा याच ठिकाणी कळे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: या दुरुस्त्या वाईटही असत. तुटक्या दातावर वेल्डिंग भरून लेथवर आकार दिलेला गिअर फार टिकत नाही, कारण दातांच्या पृष्ठभागाला दिलेले कठीणपण त्या उष्णतेने जाते. हे मान्य करायलाच हवे. गॅरेजच्या आठवणीत रमणारे लेख नेमके हे गाळतात. पण कुठली दुरुस्ती टिकते आणि कुठली नाही, हे कळायलाही एकच यंत्र शेकडो वेळा हाताखालून जावे लागते. 1990 च्या दशकात मुंबईत सुमारे 60,000 टॅक्सी होत्या, बहुतेक याच गाडीच्या. भंगारात निघालेल्या एका पद्मिनीचा चांगला गिअर दुसरीत बसे, आणि कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार या अदलाबदलीवर चाले. कोलकात्यात हेच ॲम्बेसेडरच्या बाबतीत घडले. तिथेही एकच गाडी दशकानुदशके बनत राहिली आणि टॅक्सीच्या रूपाने हजारोंनी रस्त्यावर होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: नवे गिअरबॉक्स मुळातच कमी बिघडतात, मग हा धंदा गेला तर हळहळ कशाला? 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स पुढेच एकत्र होते, सिंक्रोही सुधारलेले होते. ग्राहकाचा त्यात फायदाच झाला. तरीही टिकाऊपणा वाढला म्हणून दुरुस्तीचे ज्ञान बंद कपाटात ठेवलेच पाहिजे असे होत नाही. आजच्या स्वयंचलित डब्यातला दोष कानाने कळत नाही, त्याला कंपनीचे निदान-उपकरण लागते. ते आणि अस्सल सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीला मिळत नसतील, तर तो अडाणी ठरतो तो कौशल्याच्या अभावाने नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात हेच नोंदवले आणि सुटे भाग व निदान-उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला.