‘दिठी’ बघून कुणी रडतं, कुणी कंटाळतं. दुःखावरचे सिनेमे इतके संथ का असतात?

दुःखावरचा एखादा संथ सिनेमा आला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक जण म्हणतो, ‘अरे, यात काही घडतच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘बघून झाल्यावर बराच वेळ बोलावंसंच वाटलं नाही.’ गंमत म्हणजे दोघांनी तोच सिनेमा बघितलेला असतो आणि दोघंही खरंच बोलत असतात.

मराठीत याचं उत्तम उदाहरण म्हणजे सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’. मुलगा गेलेल्या बापाची ही गोष्ट २१ मे २०२१ रोजी सोनी लिव्हवर आली. निर्माते होते अभिनेते आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे. हेच आगाशे त्याआधी १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांच्या मनावर काय परिणाम झाला, याच्या अभ्यासात होते. धाराशिव जिल्ह्यातलं माकणी हे गाव त्याच भूकंपाच्या पट्ट्यातलं. या सिनेमाची चाल आणि त्या पट्ट्यातलं दुःख शेजारी ठेवून बघितलं, तर दोन्ही प्रतिक्रियांचा अर्थ लागतो.

(पुढे ‘दिठी’चा शेवट सांगितला आहे.)

‘दिठी’ची गोष्ट काय आहे?

दिठी म्हणजे दृष्टी. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या मराठीतला हा शब्द. सिनेमा दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर बेतलेला आहे आणि त्या कथेचं नाव ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तून आलं आहे. मोकाशी स्वतः वारीत चालले होते, त्यावरचं त्यांचं ‘पालखी’ हे पुस्तक १९६४ चं. त्यामुळे वारकऱ्यांचं जग त्यांना जवळून माहीत होतं.

गोष्ट दोन-चार ओळींत सांगता येते. रामजी हा गावातला लोहार. वर्षानुवर्षं वारी करणारा, पोथी ऐकणारा. त्याचा तरणाताठा मुलगा पुरात जातो. घरात सून गरोदर आहे, तिला मुलगी होते. पण नातीच्या जन्मानंही रामजीचं दुःख हलत नाही, उलट कडवट होतं. बाहेर पाऊस थांबत नाही. सोबतचे वारकरी पोथीला बसतात आणि रामजीची वाट बघतात. आयुष्यभर ऐकलेला एकही शब्द त्याच्या उपयोगाला येत नाही.

मग गावातली एक गाय अडते. गाय सोडवण्याचं कसब रामजीच्या हातात आहे. तो जातो, वासरू बाहेर येतं, आणि रामजीच्या आत अडकलेलं काहीतरी मोकळं होतं. बस, एवढंच.

किशोर कदम यांनी रामजीचं काम केलं आहे. सोबत मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, गिरीश कुलकर्णी, उत्तरा बावकर, अमृता सुभाष, अंजली पाटील, शशांक शेंडे अशी माणसं आहेत. इतके तगडे नट असूनही सिनेमात बोलणं कमी आहे. माणसं बसलेली असतात, पाऊस वाजत असतो.

‘काहीच घडत नाही’ असं का वाटतं?

नेहमीच्या सिनेमात मृत्यू कसा दाखवतात ते आठवा. माणूस जातो, किंकाळी फुटते, व्हायोलिन सुरू होतं, चिता पेटते आणि पडद्यावर पाटी येते, ‘सहा महिन्यांनंतर’. मग गोष्ट पुढे सरकते. बदला, लग्न, कोर्ट, काहीही.

संथ सिनेमा ती पाटी लावत नाही. पाटीनं जे सहा महिने गाळले, तेच तो दाखवतो.

आणि त्या सहा महिन्यांत खरोखर फारसं काही घडत नसतं. ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्याला हे माहीत असतं. चहा गार होतो. माणूस दारात बसून राहतो. कुणी काही विचारलं तर दोनदा विचारावं लागतं. एखादी दुपार संपता संपत नाही. म्हणून हा अनुभव घेतलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरची शांतता ओळखीची वाटते. ज्याला हा अनुभव अजून आलेला नाही, त्याला ती रिकामी वाटते. यात एक रसिक आणि दुसरा अडाणी असा हिशेब नाही.

तंत्राचा भागही आहे. नेहमीच्या सिनेमात दर काही सेकंदांनी दृश्य बदलतं, पार्श्वसंगीत कुठे रडायचं ते सांगतं. संथ सिनेमात एकच दृश्य बराच वेळ टिकतं आणि संगीताची खूण नसते. काय वाटून घ्यायचं हे प्रेक्षकावर सोडलेलं असतं. हातात मोबाईल असेल, मध्येच नोटिफिकेशन येत असतील, तर ही साखळी तुटते आणि उरतो फक्त कंटाळा.

माकणी आणि किल्लारीचा भूकंप

माकणी हे लोहारा तालुक्यातलं, तेरणा नदीकाठचं गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचा हा सगळा पट्टा हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. ५२ गावं उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा साधारण आठ ते दहा हजार सांगितला जातो. जवळच्या सास्तूरसारख्या गावांत क्वचितच एखादं घर सुटलं.

एखाद्या घरात माणूस गेला की आपल्याकडे काय होतं? चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. भावकी दहा दिवस जाऊन-येऊन असते. दहावा, तेरावा, मग गोडाचं जेवण. रीत कुणाला पटो न पटो, तिचा एक उपयोग असतो. दुःखातल्या माणसाला ती ठरावीक दिवस देते आणि आजूबाजूला माणसं ठेवते.

१९९३ मध्ये हेच कोसळलं. डबा आणणारी शेजारीण ढिगाऱ्याखाली होती. खांदा द्यायला येणारा भाऊ स्वतःच्या लेकरांना शोधत होता. पाऊस पडत होता आणि मृतदेहांचं एकत्र दहन करावं लागत होतं. पुढे नवी गावठाणं बसली, सरळ रस्ते आणि भूकंपात टिकतील अशी घरं आली. जुनी गल्ली, पार, घराशेजारचं घर मात्र मागे राहिलं. मदत आणि कॅमेरे काही दिवसांत पोचले होते. घरं उभी राहायला वर्षं लागली. मनाचं काम त्याहूनही हळू चाललं. आजही दर ३० सप्टेंबरला किल्लारीत श्रद्धांजली वाहिली जाते.

या भूकंपाच्या मानसिक परिणामांवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा एक प्रकल्प झाला. त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. पुढे निर्माता म्हणून त्यांनी केलेले सिनेमे बघा. ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावर, ‘कासव’ नैराश्यावर आणि ‘दिठी’ शोकावर. तिन्हींशी सुमित्रा भावे यांचं नाव जोडलेलं आहे. भावे मुळात समाजकार्य शिकलेल्या आणि शिकवलेल्या. ‘कासव’ला तर २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘दिठी’ भूकंपावरचा सिनेमा नाही. पण रामजीभोवतीची माणसं काय करतात ते बघितलं, की भूकंपानं काय हिरावलं ते नीट कळतं. ती रामजीची वाट बघतात. कधी चुकीचं बोलतात, कधी गप्प बसतात, पण ती असतात.

दुःखाला पाच पायऱ्या असतात का?

सोशल मीडियावर हा तक्ता सगळ्यांनी बघितलेला असतो. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. तो आला एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातून. पण ते पुस्तक मुख्यतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल होतं. मागे राहिलेल्यांनी एकेक पायरी चढत जायचं, असा नियम त्यातून निघत नाही.

१९९९ मध्ये मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन बाजूंत ये-जा करतो. कधी तो गेलेल्या माणसात बुडालेला असतो, कधी रोजच्या कामात. दळण, शेत, मुलांची शाळा. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. ही ये-जा होणं हेच बरं होण्याचं लक्षण.

रामजीची ही ये-जाच बंद पडलेली आहे. तो एकाच बाजूला रुतला आहे. गाय अडते तेव्हा त्याला कुणी ‘सावर आता’ म्हणत नाही. त्याच्या हातांची गरज असते, म्हणून तो उठतो. पोथीनं जे सांगितलं ते त्याला तेव्हा कळत नाही, काम करताना कळतं. मुलाचं दुःख संपलं असं सिनेमा म्हणत नाही. त्या दुःखाशेजारी आणखी कशाला तरी जागा झाली, इतकंच दाखवतो. ज्या प्रेक्षकांना ‘शेवटी काय झालं?’ असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी उत्तर एवढंच आहे.

२०२१ मध्ये हा सिनेमा जास्त का लागला?

सिनेमा आला तेव्हा कोरोनाची दुसरी लाट सुरू होती. हॉस्पिटलच्या दारातून आत गेलेलं माणूस परत दिसलं नाही, असं अनेक घरांत झालं. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं. भेटायला येणं बंद. सांत्वन फोनवरून. दहा दिवस होते, पण दारात कुणी नव्हतं.

त्यातच खुद्द सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ ला गेल्या, सिनेमा येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यामुळे ‘दिठी’ बघणारे अनेक जण एकाच वेळी दोन-तीन दुःखं घेऊन बसले होते. अशा वेळी पडद्यावरचा रामजी आणि त्याची वाट बघणारे सोबती म्हणजे आपल्याला न मिळालेली बैठक वाटणं साहजिक होतं.

मराठीत असे आणखी कोणते सिनेमे आहेत?

‘किल्ला’ (२०१५). अविनाश अरुण यांचा सिनेमा. वडील गेलेला शाळकरी चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. वडिलांबद्दल कुणी फार बोलत नाही. समुद्र, पाऊस आणि नवे मित्र यांतूनच त्याचं दुःख कळतं. बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं याला क्रिस्टल बेअर दिलं होतं.

‘साबर बोंडं’ (२०२५). रोहन परशुराम कानवडे यांचा सिनेमा. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. एकीकडे लग्नाचा तगादा लावणारे नातेवाईक, दुसरीकडे बालपणीच्या मित्राशी फुलणारं प्रेम. इथे सुतकाचे दहा दिवस हाच सिनेमाचा सांगाडा आहे. कानवडे यांनाही वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दिवसांतूनच ही गोष्ट सुचली. सनडान्स महोत्सवात याला जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं.

मराठीबाहेर बघायचं असेल तर जपानच्या यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३). आई जाते, मुलं दोन दिवसांत आपापल्या कामाला लागतात, वडील घरात एकटे बसतात. सत्तर वर्षांनंतरही हे घर परकं वाटत नाही.

कंटाळा आला तर काय करायचं?

बंद केला तरी चालतं. संथ सिनेमा आवडलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि प्रत्येक संथ सिनेमा चांगला असतो असंही नाही. कधी कधी शांततेमागे खरंच काही नसतं. ओळखायची साधी खूण आहे. एखादं लांबलेलं दृश्य संपल्यावर त्या माणसाबद्दल आधीपेक्षा थोडं जास्त कळलं का? कळलं असेल तर दिग्दर्शकानं वेळ वाया घालवलेला नाही.

दुसऱ्यांदा बघणार असाल तर फोन बाजूला ठेवून, एका बैठकीत बघा. आणि नुकतंच कुणी गेलं असेल तर घाई करू नका. असा सिनेमा काहींना आधार देतो, काहींना त्या वेळी झेपत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला ‘तू बघच’ असा आग्रहही नको.

सिनेमा पुरत नाही तेव्हा

बहुतेकांचं दुःख वेळ, माणसं आणि कामाच्या आधारानं हळूहळू सुसह्य होतं. पण काहींचं रामजीसारखं अडकून बसतं. अनेक महिने उलटूनही रोजची कामं होत नसतील, माणूस गेला हेच मन मानत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि दुःख शेजारच्या घरात असेल, तर ‘दिठी’तल्या वारकऱ्यांइतकं तरी प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. डबा घेऊन जायचं, थोडा वेळ बसायचं, आणि सुचलं नाही तर गप्प राहायचं.