टेनेसी खोऱ्यातील रिकामी जागा

नदीला बांध घालणे हे स्थापत्यशास्त्राचे काम. परंतु त्या बांधावर उभ्या राहिलेल्या सार्वजनिक संस्थेत सत्तेचा लोंढा शिरू न देणे, हे कायद्याचे काम होय. मंडळावरील रिकामी जागा कोणी, कशी व किती काळासाठी भरावी हा नियम वरवर किरकोळ वाटतो. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या इतिहासात मात्र त्याचे मोल वारंवार प्रत्ययास आले.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १८ मे १९३३ रोजी या प्राधिकरणाच्या कायद्यावर सही केली. कारभार तीन संचालकांकडे. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, संमती सिनेटची आणि मुदत ९ वर्षांची. पहिल्या तिघांच्या मुदती मात्र ३, ६ व ९ वर्षांनी संपावयाच्या होत्या. त्यामुळे दर तीन वर्षांनी एकच जागा मोकळी होई आणि सबंध मंडळ एकदम बदलत नसे. मध्येच जागा रिकामी झाल्यास नव्या संचालकास पूर्वीच्याची उरलेली मुदतच मिळे. दोघे संचालक कामावर असेपर्यंत मंडळाचे अधिकार अबाधित राहत.

या तरतुदींची कसोटी लवकरच लागली. मंडळाचे चेअरमन आर्थर मॉर्गन यांनी आपले सहकारी डेव्हिड लिलिएन्थल व हारकोर्ट मॉर्गन यांच्या सचोटीवर आरोप केले. रूझवेल्ट यांनी मार्च १९३८ मध्ये तिघांना समोर बोलावून पुरावा मागितला. चौकशी काँग्रेसने करावी, असे म्हणत आर्थर मॉर्गन यांनी तो देण्याचे नाकारले. तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी त्यांना पदच्युत केले. प्रकरण न्यायालयात गेले; १९४० साली अपील न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचा अधिकार मान्य केला.

एवढा कलह होऊनही कारभार थांबला नाही, कारण दोघांची गणसंख्या पुरेशी होती. १९३९ साली माजी सिनेटर जेम्स पोप यांची त्या जागी नेमणूक झाली, ती मूळ मुदत संपेपर्यंत, म्हणजे १९४२ पर्यंतच. पुढे १९४६ मध्ये लिलिएन्थल अणुशक्ती आयोगावर गेले, तेव्हा गॉर्डन क्लॅप यांच्या वाट्यास १९५४ पर्यंतचा उर्वरित काळ आला. ती मुदत संपताच राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्लॅप यांना पुन्हा न नेमता हर्बर्ट व्होगेल यांना आणले. माणसे बदलली, पक्ष बदलला. मुदतींचे वेळापत्रक मात्र ढळले नाही.

हा नमुना भारतातही आला. १९४८ साली स्थापन झालेल्या दामोदर खोरे महामंडळाच्या मूळ कायद्यात चेअरमन व दोन सभासद अशी रचना होती. त्यांची नेमणूक केंद्र सरकारने बिहार व पश्चिम बंगाल सरकारांचा सल्ला घेऊन करावयाची होती.

तथापि या नियमांत एक उणीव राहिली. जागा कोणी व किती काळासाठी भरावी हे टेनेसीच्या कायद्याने सांगितले. केव्हा भरावी हे सांगितले नाही. २००४ च्या दुरुस्तीने मंडळ नऊ जणांचे, मुदत ५ वर्षांची व गणसंख्या पाचाची झाली. २०२५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काही संचालकांना दूर केले, तेव्हा अगोदरच्या रिकाम्या जागांमुळे मंडळावर चारच जण उरले आणि गणसंख्या मोडली. १९३८ साली एक संचालक गेला असता काम अडले नव्हते. कारण तेव्हा बाकीच्या जागा भरलेल्या होत्या.

नेमणुकीचा अधिकार हे कर्तव्यही आहे. ते वेळेवर पाळले जाते तेथेच उत्तम नियमाला अर्थ राहतो.