हाकेला ओ न देणारी डिस्क : संगणकाच्या एका जुन्या संवादाचा इतिहास (दीर्घ धागा)

लॅपटॉप सुरू करावा आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ उमटावी. दफ्तरखान्यात बसून टिपलेली मोडी कागदांची छायाचित्रे, अर्धवट प्रबंध, दोन वर्षांची टिपणे, सारे त्या बंद पेटीत. अशा वेळी माणसे दोन टोकांच्या निष्कर्षांवर उडी घेतात. कुणी म्हणतो, सर्व गेले. कुणी म्हणतो, विंडोज पुन्हा टाकले की होईल. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

त्या ओळीचा अर्थ फार मर्यादित आहे. यंत्राने हाक मारली आणि सुरू होण्याजोगे काही घेऊन कुणी पुढे आले नाही, इतकेच ती सांगते. ही हाक आणि ही ओ यांची रीत एका दिवसात ठरलेली नाही. तिचे थर गेल्या सत्तर वर्षांत एकावर एक चढले आणि दुरुस्तीची प्रत्येक पायरी त्यांपैकी कोणत्या ना कोणत्या थराशी जोडलेली आहे. या धाग्यात तो इतिहास पाहू.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने ३०५ रॅमॅक हा संगणक जाहीर केला. त्याच्या साठवण-कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या दांड्यावर फिरत आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. वजन सुमारे एक टन. एवढे धूड जागेवर आहे की नाही, हे संगणकाने शोधण्याची गरज कुणाला वाटणार? तारा जोडणाऱ्या अभियंत्याला ठाऊक होते, ते पुरेसे होते.

प्रश्न निर्माण झाला तो डिस्क लहान आणि स्वस्त झाल्यावर. शुगार्ट टेक्नॉलॉजी, म्हणजे पुढची सीगेट, हिने १९८० मध्ये एसटी-५०६ ही सव्वापाच इंची डिस्क आणली. क्षमता ५ मेगाबाइट. आता डिस्क कोणत्याही टेबलावरच्या संगणकात बसू शकत होती. मात्र ती अक्षरशः मुकी होती. शीर्ष पुढे-मागे सरकवणे आणि चकतीवरचे कच्चे संकेत तारेवर सोडणे, एवढेच तिला येई. आपले नाव काय, आपल्यावर किती वर्तुळे आहेत, हे सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. सगळी बुद्धी वेगळ्या नियंत्रक कार्डावर असे.

आयबीएमच्या १९८१ च्या मूळ पीसीला हार्ड डिस्क नव्हती. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटीला १० मेगाबाइटची डिस्क मिळाली आणि ती ओळखण्याचे काम नियंत्रक कार्डावरील रॉमने पत्करले. ओळख बिनसली की पडद्यावर १७०१ हा आकडा येई. त्या पिढीतील तंत्रज्ञांच्या पोटात गोळा आणणारा आकडा तो हाच.

ऑगस्ट १९८४ च्या एटीमध्ये पद्धत बदलली, आणि मला तरी हा साऱ्या कथेतील सर्वांत रंजक टप्पा वाटतो. बायोसमध्ये डिस्कच्या प्रकारांचा तक्ता कोरलेला असे. पहिल्या आवृत्तीत १४ प्रकार होते. तुमची डिस्क कितव्या क्रमांकाची, हे तुम्ही स्वतः सांगायचे. तो क्रमांक ६४ बाइटांच्या एका इवल्याशा स्मृतीत राहत असे आणि ती स्मृती बॅटरीवर जगत असे.

म्हणजे यंत्र डिस्क शोधत नव्हते. तुम्ही सांगितले म्हणून मानत होते. परिणाम उघड आहे. बॅटरी संपली की संगणकाला स्वतःच्या डिस्कचा विसर पडे. डिस्क शाबूत, माहिती शाबूत, तरीही ओळख नाही. जाणती मंडळी वर्तुळे, शीर्षे आणि खंड यांचे आकडे कागदावर लिहून ठेवत. आकडे चुकीचे भरले तर आणखी बिकट, कारण डिस्क सापडल्यासारखी दिसे आणि लिहिताना भलत्याच जागी लिही.

हा थर आजही पूर्ण पुसलेला नाही. अनेक जुन्या लॅपटॉपांत ती नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की बायोस मूळ मांडणीवर परततो, डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलते आणि काल चालणारे विंडोज आज उठत नाही. घड्याळ जुन्याच तारखेवर गेलेले दिसले, तर आधी या बॅटरीचा संशय घ्यावा.

मूक डिस्कला वाचा फुटली १९८६ च्या सुमारास. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी मिळून नियंत्रक थेट डिस्कच्या पाठीवर बसवला. या रचनेला आयडीई म्हणतात. १९९४ मध्ये तिला एटीए या नावाने अधिकृत मानक लाभले. त्यात 'आयडेंटिफाय' नावाची आज्ञा होती. यंत्र विचारते, तू कोण? डिस्क ५१२ बाइटांचे उत्तर देते. २० अक्षरांचा अनुक्रमांक, ८ अक्षरांची फर्मवेअर आवृत्ती, ४० अक्षरांचे नाव आणि क्षमतेचे आकडे. (गंमत अशी की या उत्तरात अक्षरांची प्रत्येक जोडी उलटी येते आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला ती सुलटी करून घ्यावी लागते. ही खोड पुढे कुणी काढली नाही.)

बायोसच्या पडद्यावर आज तुम्हाला डिस्कचे नाव दिसते, ते या उत्तरातूनच. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न एकच : बायोसमध्ये नाव दिसते का? दिसत असेल तर डिस्क बोलते आहे आणि दोष तिच्या पुढच्या टप्प्यांवर, म्हणजे ड्रायव्हर, विभागणी किंवा सुरू होण्याच्या क्रमात शोधावा. दिसत नसेल तर जोडणी, वीज, बायोसची मांडणी आणि खुद्द डिस्क यांकडे वळावे. या एका प्रश्नाने निम्मे काम होते. तो न विचारताच लोक तासन्तास विंडोजशी झुंजतात.

येथे एक बारकावा आहे. फिरत्या चकतीच्या डिस्कचे स्वतःचे फर्मवेअर बऱ्याच अंशी चकतीवरच, वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या राखीव भागात असते. वीज मिळाली की चकती वेग घेते, शीर्ष त्या भागावर जाते, डिस्क स्वतःला वाचते आणि मगच आपले पूर्ण नाव सांगते. शीर्ष निकामी असेल तर हे घडत नाही. अशा वेळी डिस्क गप्प राहते, किंवा विचित्र नाव आणि शून्य क्षमता सांगते. ठराविक लयीत टक-टक असा आवाज येत असेल तर शीर्ष जागा शोधून हरते आहे असे समजावे आणि वीज बंद करावी. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे चकतीवरची माहिती खरवडण्याचा धोका पत्करणे.

बोलता येऊ लागले म्हणून समजूत पटलीच असे नाही. बायोस आणि एटीए यांनी मोजणीच्या वेगवेगळ्या मर्यादा ठेवल्या होत्या. दोन्हींतील लहान आकडे घेतले की १०२४ वर्तुळे, १६ शीर्षे आणि ६३ खंड उरत. ५१२ बाइटांच्या हिशेबाने ५२८ मेगाबाइट. त्याहून मोठी डिस्क लावली की उरलेला भाग जुन्या संगणकाला दिसतच नसे. शिवाय एका पट्टीवर दोन डिस्क असल्या तर कोणती मास्टर आणि कोणती स्लेव्ह, हे चिमुकल्या जम्परने ठरवावे लागे. दोन्ही मास्टर ठेवल्या की कित्येकदा एकही सापडत नसे.

आता या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग. २००८ च्या अखेरीस सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या डेस्कटॉप डिस्का अचानक नाहीशा होऊ लागल्या. रात्री संगणक बंद केला, सकाळी बायोसमध्ये डिस्क नाही. आवाज नाही, धक्का नाही, पूर्वसूचना नाही.

कारण डिस्कच्या स्वतःच्या रोजनिशीत होते. फर्मवेअर आपल्या नोंदी क्रमाने लिहीत असे. कारखान्यातील चाचणीचा काही विशिष्ट अवशेष डिस्कवर राहिला असेल आणि वीज जोडताना नोंदींचा क्रमांक नेमका ३२०, किंवा त्यात २५६ ची पट मिळवून येणारा आकडा असेल, तर फर्मवेअर स्वतःला कुलूप लावून घेई. डिस्क 'मी कामात आहे' या अवस्थेत गोठत असे. यंत्र हाक मारी. ओ येत नसे.

चकतीवरचा एकही बाइट हरवलेला नव्हता. हरवली होती ती केवळ नाव सांगण्याची क्षमता. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य केला आणि सुधारित फर्मवेअर काढले. त्यातील एका आवृत्तीने काही ५०० गिगाबाइटच्या डिस्का बिघडवल्या, म्हणून ती मागे घेऊन पुन्हा द्यावी लागली. दरम्यान हौशी मंडळींनी डिस्कवरच्या निदानाच्या खिळ्यांना तारा जोडल्या, मंडळाच्या संपर्कबिंदूंत कागदाचा तुकडा सरकवला आणि आज्ञा देऊन ते कुलूप उघडले. ज्यांनी धीर धरला त्यांच्या फायली परत आल्या. ज्यांनी डिस्क मेली समजून फेकून दिली, त्यांनी धडधाकट माहिती कचऱ्यात टाकली.

उलटे उदाहरणही सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइझने आपल्या सर्व्हरमधील काही एसएसडींबाबत इशारा दिला : ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, त्या कायमच्या बंद पडतील आणि माहितीही परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. हा आकडा पाहिला की घड्याळ मोजणारा कोठा भरून वाहिला असावा, अशी शंका येते. एकत्र घेतलेल्या एसएसडी एकत्रच मरणार होत्या.

लॅपटॉपकडे येऊ. प्रेअरीटेक या कंपनीने १९८८ मध्ये अडीच इंची डिस्क आणली आणि मांडीवरच्या संगणकाला साठवण मिळाली. पण लॅपटॉप हलतो, आपटतो, तापतो. पुढे साटाच्या काळात कित्येक लॅपटॉपांत डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एक नाजूक चपटी पट्टी आली. डिस्क 'मेली' म्हणून आलेल्या लॅपटॉपात पट्टीच सैल किंवा तडकलेली निघणे मुळीच दुर्मीळ नाही. चार्जर काढून, बॅटरी सोडवून डिस्क बाहेर काढावी आणि यूएसबीच्या पेटीत घालून दुसऱ्या संगणकाला लावून पाहावी. तेथे ती बोलली, तर अपराधी पट्टी, खोबण किंवा मांडणी आहे, डिस्क नव्हे. साठवण मदरबोर्डवरच डाखलेली असेल तर मात्र हा मार्ग बंद.

आजच्या एम.२ पट्टीत वेगळा सापळा आहे. साटा आणि एनव्हीएमई या दोन भाषा बोलणाऱ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच दिसतात. केवळ साटा जाणणाऱ्या खोबणीत एनव्हीएमई पट्टी बसवली, स्क्रू घट्ट आवळला, तरी बायोसमध्ये काहीच दिसणार नाही. एनव्हीएमईतही आयडेंटिफाय आज्ञा आहेच. उत्तर आता ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचे असते. पण विचारणाऱ्याला ती भाषा यायला हवी.

भाषेचा हाच घोळ विंडोजच्या बाबतीत दोनदा झाला. साटा डिस्का २००३ च्या सुमारास बाजारात आल्या आणि पाठोपाठ त्यांच्याशी बोलण्याची एएचसीआय ही रीत आली. विंडोज एक्सपी त्याआधीचे, २००१ चे. त्याच्या स्थापनेत 'हार्ड डिस्क सापडली नाही' असा संदेश येई आणि एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे; तेही फ्लॉपीचा खाचाच नसलेल्या लॅपटॉपांवर! इतिहासाची पुनरावृत्ती २०२० नंतर झाली. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची व्यवस्था डिस्क आणि विंडोज यांच्यामध्ये उभी राहिली. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते, विंडोजच्या स्थापनेत यादी रिकामी. उपाय तोच, फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह : इंटेलचा ड्रायव्हर तेथून द्यावा. व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. नव्या स्थापनेपूर्वी तो चालेल. पण आधीपासून चालत असलेले विंडोज त्याने उठेनासे होऊ शकते आणि बिटलॉकर असेल तर तो पुनर्प्राप्तीची किल्ली मागेल. ती हाताशी नसेल तर त्या मांडणीला हात लावू नये.

शेवटची एक जागा, जेथे सर्वाधिक नुकसान होते. दुसऱ्या संगणकाला लावलेली डिस्क अखेर दिसते, आणि विंडोज विचारते : ही डिस्क 'इनिशियलाइझ' करायची का? किंवा वापरण्यापूर्वी 'फॉरमॅट' करायची का? याचा अर्थ डिस्कने नाव सांगितले आहे, पण तिच्यावरची विभागणी वाचता आलेली नाही. मोडी कागदांची ती छायाचित्रे बहुधा अजून जागच्या जागी आहेत. येथे 'नाही' म्हणावे, तिच्यावर काहीही न लिहिता प्रथम संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि शोधाशोध त्या प्रतीवर करावी.