कामटीपासून पोलादी सळीपर्यंत

गोदातीरावरील बासर हे सरस्वतीचे क्षेत्र १९५६ पर्यंत नांदेडप्रमाणेच हैदराबाद राज्यात होते. आज ते तेलंगणात आहे. सीमा बदलल्या, पण वासराचा पाय मोडला म्हणजे दोहीकडच्या शेतकऱ्यापुढे उभा राहणारा प्रश्न एकच राहिला.

कामट्या बांधणे हा त्यावरील जुना उपाय. माणसाच्या अस्थिभंगावर वेळूचा व झाडांच्या सालींचा आधार सुश्रुतसंहितेनेही सांगितला आहे. पुढे १८५२ मध्ये मथायसेन या डच लष्करी वैद्याने प्लॅस्टरची पट्टी प्रचारात आणली. १८८६ मध्ये मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले आणि १८९५ मध्ये राँटगेनच्या क्ष-किरणांनी मोडलेले हाड डोळ्यांना दिसू लागले.

प्रसूतीच्या वेळी जोराने ओढल्यामुळे वासराच्या पायाची नळी पुष्कळदा मोडते. तिला प्लॅस्टर पुरते. मांडीच्या हाडाला मात्र ते पुरत नाही. कारण वरचा सांधा त्यात जखडता येत नाही. १९३९ मध्ये जर्मन शल्यविशारद क्युंचर याने माणसाच्या हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा बसविला. हेच तत्त्व पुढे जनावरांनाही लागू झाले. वासराचे हाड मऊ असल्याने त्यात स्क्रू सैल पडतात. म्हणून पोकळीत एकाहून अधिक सळ्या बसविण्याची रीत निघाली. वजन कमी आणि हाड लवकर जुळणारे, ही वासराची जमेची बाजू होय.

तथापि घट्ट आवळलेल्या कामटीने रक्तप्रवाह थांबला, तर कुशल शल्यविद्याही हतबल ठरते. म्हणून पहिला आधार सैल, मऊ गादीचा असावा आणि पशुवैद्यास विनाविलंब बोलवावे.