रोज एक रेघ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत स्वयंपाक, आरोग्य, बालसंगोपन असे विषय नेहमी येतात. ते यावेतच. या वेळी मात्र जरा निराळ्या, पण घरोघरच्या विषयावर लिहावे असे मनात आले. तो विषय म्हणजे चित्रकलेचा छंद, आणि तो नेमाने चालविण्याचा इतिहास.

पुष्कळ घरांत एखाद्या पेटीच्या तळाशी चित्रकलेची एक जुनी वही असते. मुलगी शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमीजिएट अशा परीक्षा देते. बाई तिचे कौतुक करतात. पुढे लग्न होते आणि वही पेटीत जाते ती जातेच. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असते: "आता कुठला वेळ?" हे उत्तर खोटे नाही. म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे.

आपल्याकडे बायकांची गाणी एवढी आणि चित्रे एवढी थोडी, असे का? कारण अगदी साधे आहे. ओवी जात्याबरोबर चालते. चित्र चालत नाही. दळताना, निंदताना, पाणी भरताना हात कामात गुंतलेले असले तरी गळा मोकळा असतो. आपल्या असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सारी कविता अशीच घरातल्या आणि शेतातल्या कामांबरोबर जन्माला आली. चित्राला मात्र हात हवा, डोळा हवा आणि थोडे स्वस्थ बसणे हवे. त्यामुळे स्त्रियांची चित्रकला जिथे चित्र हेच काम होते तिथे टिकली. दारापुढची रांगोळी, नागपंचमीला काढलेले नाग, गोधडीवरचे टाके, कानबाईच्या मांडणीतली सजावट हे सारे सणाचे किंवा संसाराचे भाग होते. त्यांना कोणी "वेळ घालविणे" म्हटले नाही. कुणाच्याही सणासाठी नव्हे, केवळ पाहण्याच्या आनंदासाठी काढलेले चित्र, ही आपल्या घरांत त्या मानाने नवी गोष्ट आहे. तिला जागा आपणच करून द्यावी लागते.

अशी जागा करून देणाऱ्या एका हौशी बाईंचा इतिहास आपल्या अगदी शेजारी, अजिंठ्याला घडलेला आहे. त्यांचे नाव ख्रिस्तियाना हेरिंगहॅम (१८५२–१९२९). लंडनच्या एका डॉक्टरांच्या त्या पत्नी, दोन मुलांची आई. जुनी इटालियन चित्रे समोर ठेवून त्यांच्या नकला करणे हा त्यांचा छंद. त्या चित्रांचे रंग असे टवटवीत कसे राहिले, या कुतूहलाने त्यांनी सुमारे १४०० च्या काळातील चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराचा ग्रंथ हाती घेतला आणि १८९९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. रंग कसे घोटावेत, अंड्याचा बलक त्यात कसा मिसळावा, फळीवर अस्तर कसे चढवावे, अशी त्यात कारागिराची माहिती आहे. बाईंनी नुसते भाषांतर केले नाही. त्या कृती स्वतः करून पाहिल्या. त्याच ग्रंथात शिकाऊ चित्रकाराला एक उपदेश आहे: थोडे का होईना, पण रोज काहीतरी रेखाटल्यावाचून राहू नये, त्या थोड्याचेच पुढे मोठे फळ मिळते. पाचशे वर्षांपूर्वीचा हा उपदेश एका गृहिणीने मनावर घेतला, असे त्यांचे पुढचे चरित्र वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

१९०६–०७ च्या हिवाळ्यात त्यांनी अजिंठा प्रथम पाहिला. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून जॉन ग्रिफिथ्स यांनी करवून घेतलेल्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. गिलसाहेबांनी आगीनंतर पुन्हा कामास आरंभ केला, हे विशेष. १८७९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांची कबर आपल्या भुसावळास आहे. ज्याचे आयुष्याचे काम जळाले त्याने पुन्हा कुंचला उचलला, ही गोष्ट वही पेटीत ठेवणाऱ्या प्रत्येकीने एकदा आठवावी.

हेरिंगहॅमबाई १९०९–१० आणि १९१०–११ अशा दोन हिवाळ्यांत पुन्हा आल्या. फर्दापूरला तंबू पडले. तिथून लेण्यांपर्यंत जायचे, अंधारात डोळे ताणून रेघ उतरवून घ्यायची, हा दिनक्रम. वयाची पन्नाशी त्यांनी केव्हाच ओलांडली होती. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त ही तरुण मंडळी आणि हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन आले. डॉरोथी लार्चर नावाची एक तरुण चित्रकर्तीही होती. तिने पुढे ठशांनी कापड छापण्याच्या कलेत नाव मिळविले. या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढला. दुर्दैवाने परत गेल्यावर बाईंचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि उरलेले आयुष्य त्यांना रुग्णालयांत कंठावे लागले. त्या थांबल्या, त्यांचे काम मात्र थांबले नाही.

ते काम पुन्हा खानदेशातच उगवलेले दिसते. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. नगराची सजावट गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर सोपविली आणि अट अशी घातली, की सामान खेड्यातलेच वापरायचे आणि हातही खेड्यातलेच. नंदलालांनी बांबू, चटया, गवत अशा साध्या वस्तूंनी शोभा आणली. पंचवीस वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या अंधारात रेघ गिरविणारा तो तरुण आता साध्या बांबूतही रेघ पाहत होता. या थोर कलावंताची एक सवय आपल्या फार उपयोगाची आहे. ते कोरी कार्डे जवळ बाळगीत आणि वाटेत दिसेल ते, झाड, बकरी, डोंगर, कामावरचा माणूस, चार रेघांत टिपून मित्रांना व शिष्यांना धाडीत. पोस्टकार्डाएवढी जागा आणि पाच मिनिटे! यापेक्षा लहान चित्रशाळा कोणती?

महाराष्ट्रातले हौशी चित्रकाराचे उदाहरण हवे असेल तर औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे घ्यावे. संस्थानाचा कारभार सांभाळून त्यांनी चित्रकलेचा व्यासंग चालविला. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे चित्ररामायण १९१६ मध्ये निघाले. सूर्यनमस्काराचे ते मोठे पुरस्कर्ते, आणि नमस्कार जसे रोजचे, तसाच कोणत्याही विद्येचा अभ्यास रोजचा.

आता कोणी म्हणेल, लंडनच्या बाईंना नोकरचाकर होते, औंधकर तर राजेच, आमचे काय? म्हणणे रास्त आहे. त्यांच्याजवळचा वेळ आपल्याजवळ नाही. पण त्यांच्याजवळचा नेम आपल्याला घेता येतो. त्यासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, वेळ थोडा पण ठरलेला असावा. दुपारची भांडी आवरल्यावर पंधरा मिनिटे पुरेत. रविवारी तीन तास काढू म्हणणारीचा रविवार पाहुण्यांत जातो.

दुसरी, सामान थोडे असावे व हाताशी असावे. एक मऊ पेन्सिल, एक साधी वही, रंगांची लहान पेटी. वही पेटीत नव्हे, फडताळात ठेवावी.

तिसरी, विषय शोधत बसू नये. सूप, उखळ, तांब्या, केळीचे पान, कपाशीचे फुटलेले बोंड हे सारे न हलता बसणारे विषय आहेत. आपल्या असोद्याची भरिताची वांगी तर प्रसिद्धच. भाजण्यापूर्वी त्यातले एक समोर ठेवून काढून पाहावे. त्याच्या गोलाईवर उजेड कुठे थांबतो आणि देठाचे काटे कसे वळतात, हे रोज भरीत करूनही आपण कधी पाहिलेले नसते. तोच खरा लाभ: हात सुधारतो तो पुढे, डोळा आधी उघडतो.

चौथी, चित्र बिघडले तरी पान फाडू नये. खाली तारीख घालावी. सहा महिन्यांनी मागे पाहिले की कोणाच्या शाबासकीची गरज उरत नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवली, आचार्य अत्रे यांनी आवर्जून त्यांकडे लक्ष वेधले आणि १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात, ती पुस्तकरूपाने आली. जेवढे कागदावर आले तेवढेच वाचले. दारची रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसलीच जाते. निदान तिचा नकाशा वहीत राहू द्यावा.

पाचवी गोष्ट घरच्यांसाठी आहे. ओवीला कोणाची परवानगी लागत नव्हती, चित्राला लागते. आई वही घेऊन बसली आहे तेवढा वेळ चहा आपला आपण करून घ्यावा, मुलांनी हाक मारू नये, सासूबाईंनी "हे काय नवे?" म्हणण्याऐवजी शेजारी येऊन पाहावे. पंधरा मिनिटांत कोणाचा संसार बुडत नाही.

आणि मंडळाने काय करावे? महिन्यातून एक दुपार भगिनींनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसावे. स्पर्धा नको, नंबर नकोत. एकमेकींची पाने पाहावीत एवढेच. फर्दापूरच्या तंबूत तरी दुसरे काय होते? दिवसभर काम आणि संध्याकाळी सोबत. वर्षातून एकदा अजिंठ्याची सहल काढावी; जळगावाहून ते साठ किलोमीटरच्या आसपास आहे. सोबत डबा घ्यावा, पण वही विसरू नये.