चर्चच्या शाळेचा कारभार कोण पाहतो? : कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांसाठी माहिती

चर्चशी संलग्न शाळेत प्रवेश नाकारला, फी वाढली किंवा मुलाला प्रार्थनेची सक्ती झाली की आपले तरुण निवेदन घेऊन मुख्याध्यापकांकडे जातात. निवेदनाची पोच मिळते आणि विषय तिथेच थांबतो. कारण यातले बरेचसे निर्णय मुख्याध्यापकांच्या हातात नसतात. ते कोणाच्या हातात असतात आणि त्यात आपल्याला कायद्याने कुठे जागा आहे, हे आम्ही इथे मांडत आहोत.

दोन परंपरा, दोन पद्धती

रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचे काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. एस्तेर पॅटन आणि इर्विन ख्रिश्चन या शाळा याच परंपरेतल्या. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळी आपले ‘वडील’ निवडते आणि मंडळ्यांच्या प्रतिनिधींची कौन्सिल बनते. म्हणजे इथे अधिकार निवडणुकीतून येतो. सेंट झेवियर्स, होली क्रॉस या कॅथलिक शाळांची पद्धत वेगळी आहे. धर्मसंघाचे वरिष्ठ पदाधिकारी नेमतात आणि त्यांच्या बदल्याही करतात. म्हणून कोणत्याही शाळेबाबत पहिला प्रश्न हाच विचारावा : चालक संस्था कोणती आणि तिचे विश्वस्त कोण?

उतरंड

सर्वात वर नोंदणीकृत संस्था किंवा ट्रस्ट असतो. जमीन, पैसा आणि धोरण त्याच्याकडे असते. खाली शाळा समिती असते. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी नियमावली, १९८१ नुसार तिच्यात व्यवस्थापनाचे चार प्रतिनिधी, ज्येष्ठतेच्या क्रमाने पाळीपाळीने येणारा एक कायम शिक्षक आणि पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक असतात. या समितीत पालकाला जागा नाही.

सरकारचा हात कुठवर पोचतो?

राज्यघटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. गुजरातमध्ये महाविद्यालयांच्या नियामक मंडळावर कुलगुरूंचा प्रतिनिधी, शिक्षक आणि विद्यार्थी घेण्याची सक्ती करणारी तरतूद झाली होती. अहमदाबाद सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ती अल्पसंख्याक संस्थांना लागू होणार नाही असे ठरवले. मात्र कारभार चालवण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही, हे तत्त्वही न्यायालयाने १९५८ पासून कायम ठेवले आहे.

याचे परिणाम आपल्या मुलांवर थेट होतात. प्रमती खटल्यात २०१४ मध्ये न्यायालयाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे सांगितले. त्यामुळे या कायद्यातल्या २५ टक्के राखीव प्रवेशाची मागणी तिथे टिकत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालावर शंका व्यक्त केली आणि मोठ्या खंडपीठाने विचार करावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितले. नोकरीतही तसेच आहे. सिंधी एज्युकेशन सोसायटीच्या खटल्यात २०१० मध्ये, अनुदानित अल्पसंख्याक शाळेवरही अनुसूचित जातींच्या आरक्षणाची सक्ती करता येत नाही असा निकाल आला. आपल्या बेरोजगार शिक्षकांनी हे माहीत करून घेतले पाहिजे.

आपल्या हातात काय आहे?

- कलम २८(३) : शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नकार लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.
- कलम २९(२) : शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेला केवळ धर्म किंवा जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.
- फी : २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. फीवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो. पालकांना खरी जागा मिळते ती इथेच. वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या पालकांनी नाव द्यावे.
- हिशेब : विश्वस्तांची नावे, मालमत्ता आणि त्यातले फेरफार यांची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. तिथे अर्ज करून नक्कल मागता येते. अनुदानित शाळेची माहिती माहिती अधिकारात मागावी. विनाअनुदानित शाळेची जी कागदपत्रे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे असतात, ती तिथून मागावीत.

भांडण कोणाशी?

ख्रिस्ती समाजाला शत्रू समजणे चूक ठरेल. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमधली अनेक कुटुंबे आपल्यासारखीच गावकुसाबाहेरून आली. त्यांच्या कौन्सिलमध्ये दलित ख्रिस्ती माणसाला किती वाव आहे, हा प्रश्न तेही विचारतात. त्यांच्याशी संवाद ठेवला तर कौन्सिलच्या बैठकीत आपला विषय मांडणारा माणूस मिळू शकतो.

शिवाय कलम ३० आपलेही आहे. १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार बौद्ध हा अल्पसंख्याक समाज आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाची सोय करून दिली. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्याच वारशातल्या आपल्या संस्थांची घटना, विश्वस्तांची यादी आणि शाळा समितीची इतिवृत्ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहेत? चर्चच्या कौन्सिलकडे जो हिशेब आपण मागतो, तो आपल्या संस्थांकडेही मागितला पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन तरुणांनी एक शाळा निवडावी. तिचा ट्रस्ट, शाळा समिती आणि पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती यांची माहिती एका वहीत लिहून ठेवावी. पुढचे निवेदन ज्याच्याकडे निर्णय आहे त्याच्याच नावाने लिहावे आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी.

जय भीम! नमो बुद्धाय!